सहा बटणांची झुंज, एका बटणावर

कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'स्ट्रीट फायटर टू' हा खेळ १९९१ साली आर्केडमध्ये आला. आठ लढवय्यांपैकी एक निवडायचा आणि शेजारी उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याशी लढायचे, अशी त्याची साधी मांडणी होती. एका हाताखाली आठ दिशांना हलणारी जॉयस्टिक आणि दुसऱ्या हाताखाली सहा बटणे असत. अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा यांनी घडवलेल्या या खेळाने जगभरच्या आर्केडमध्ये रांगा लावल्या आणि तो घरी हवा अशी मागणी लगेच सुरू झाली. १९९२च्या अखेरीपासून ब्रिटनमधील यू. एस. गोल्ड या प्रकाशन कंपनीने त्याच्या घरगुती संगणकांसाठीच्या आवृत्त्या बाजारात आणायला सुरुवात केली. ॲमिगा, अटारी एसटी, कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम आणि डॉसवर चालणारे पीसी यांवर तो खेळ पोहोचला. यांतली काही यंत्रे आर्केडच्या यंत्रापेक्षा कितीतरी पटींनी दुबळी होती.

एका यंत्रासाठी घडलेला खेळ दुसऱ्या यंत्रावर नेण्याच्या कामाला पोर्टिंग म्हणतात. सगळे काही जसेच्या तसे नेता येत नाही, तेव्हा काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवावे लागते. त्यासाठी त्या खेळाचा प्राण कशात आहे हे आधी कळावे लागते. मारामारीच्या खेळात हा प्रश्न सर्वात अवघड होतो, कारण त्याची चित्रे डोळ्यांना दिसतात, पण ज्यामुळे तो खेळावासा वाटतो ती गोष्ट सेकंदाच्या साठाव्या भागात घडते.

एकमेकांसाठी घडलेले यंत्र आणि खेळ

'स्ट्रीट फायटर टू' ज्या पाटीवर चालतो तिचे नाव सीपी सिस्टीम. कॅपकॉमने ही पाटी १९८८पासून आपल्या खेळांसाठी वापरली. तिचा मुख्य प्रोसेसर १० मेगाहर्ट्झवर चालणारा मोटोरोला ६८००० होता. आवाजाचे काम झेड८० हा वेगळा प्रोसेसर पाहत असे. यामाहाची वायएम२१५१ ही चिप संगीत वाजवी आणि ओकी कंपनीची दुसरी चिप लढवय्यांच्या आरोळ्या, ठोशांचे आवाज यांसारखे ध्वनिमुद्रित तुकडे ऐकवी.

या पाटीचे खरे बळ प्रोसेसरमध्ये नव्हते, ते चित्रे दाखवणाऱ्या स्वतंत्र चिपांमध्ये होते. पडदा ३८४ गुणिले २२४ पिक्सेलचा. त्यावरचा प्रत्येक लढवय्या १६ गुणिले १६ पिक्सेलच्या तुकड्यांनी जुळवलेला असे. या तुकड्यांना स्प्राइट म्हणतात. कोणता तुकडा पडद्यावर कुठे दाखवायचा याची यादी प्रोसेसरने लिहून दिली की पुढचे काम या चिपा करत. पिक्सेल हलवण्यात प्रोसेसरचा वेळ जातच नसे. मागचे दृश्य तीन थरांत सरकत असे, शिवाय पायाखालच्या जमिनीची प्रत्येक ओळ वेगवेगळ्या वेगाने सरकवून खोलीचा भास निर्माण केला जाई.

चित्रांचा साठा ६ मेगाबाइटचा होता आणि तो सगळा रॉम चिपांमध्ये कायमचा भरलेला असे. कुठलेही चित्र कुठल्याही क्षणी हाताशी असल्याने काही उघडायचे किंवा वाट पाहायची गरज नव्हती. म्हणूनच हे लढवय्ये पडद्याच्या जवळजवळ अर्ध्या उंचीचे होऊ शकले आणि त्यांच्या प्रत्येक हालचालीला वेगळी चित्रे मिळू शकली.

परवाना मिळाला, आराखडा नाही

आर्केडचे लोकप्रिय खेळ घरी आणण्याचा धंदा १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये चांगलाच रुजला होता. मँचेस्टरची ओशन आणि बर्मिंगहॅमची यू. एस. गोल्ड या त्यातल्या मोठ्या कंपन्या. जपानी किंवा अमेरिकी कंपनीकडून खेळाचे नाव वापरण्याचा परवाना विकत घ्यायचा, प्रत्यक्ष काम एखाद्या लहान चमूकडे सोपवायचे आणि नाताळच्या खरेदीपूर्वी माल दुकानात पोहोचवायचा, अशी पद्धत होती. 'स्ट्रीट फायटर'चा पहिला भाग टिअरटेक्स या चमूने १९८८मध्ये यू. एस. गोल्डसाठी संगणकांवर आणला. दुसऱ्या भागाचे काम क्रिएटिव्ह मटेरियल्सकडे गेले.

परवान्याबरोबर मूळ प्रोग्रॅम मिळेलच याची शाश्वती त्या काळात नसे. अनेकदा चमूच्या खोलीत आर्केडचे यंत्र किंवा त्याची नुसती पाटी येऊन पडे आणि तोच त्यांचा संदर्भग्रंथ ठरे. मग काम सुरू होई ते खेळण्यापासून. एकाने खेळायचे, दुसऱ्याने पाहायचे आणि तिसऱ्याने नोंदी करायच्या. खेळाचे व्हिडिओ चित्रण करून ते थांबवत थांबवत पाहायचे. गोठवलेल्या चित्रावरून चित्रकार डिलक्स पेंटसारख्या प्रोग्रॅममध्ये माउसने एकेक पिक्सेल पुन्हा भरत जाई. कुणी पाटीवरच्या रॉम चिपा वाचून चित्रे थेट काढून घेई. तीही तशीच वापरता येत नसत. रंग कमी करायचे, आकार लहान करायचा आणि बिघडलेल्या कडा हाताने दुरुस्त करायच्या, एवढे काम उरतच असे.

चित्रे दिसतात, म्हणून ती उतरवून घेता येतात. नियम मात्र दिसत नाहीत. कोणत्या ठोशाने किती शक्ती जाते, मार बसल्यावर समोरचा किती मागे सरकतो, उडी किती काळ हवेत राहते, हे सगळे अंदाजाने मोजावे लागे. प्रत्येक चित्राच्या मागे अदृश्य चौकटी असतात. मारणाऱ्याच्या मुठीभोवतीची चौकट समोरच्याच्या अंगाभोवतीच्या चौकटीला भिडली तरच मार लागल्याचे धरले जाते. या चौकटी किती मोठ्या आणि कुठे ठेवल्या आहेत, हे व्हिडिओ कितीही वेळा थांबवला तरी दिसत नाही. पोर्टमध्ये ठोसा 'लागायला हवा होता' असे खेळाडूला वाटते, त्याचे मूळ बहुतेकदा या चौकटींमध्ये सापडते.

मेमरीचा हिशेब

यू. एस. गोल्डच्या घरगुती आवृत्त्यांसाठी सर्वात आश्वासक यंत्र ॲमिगा ५०० हे होते. त्यातही ६८००० हाच प्रोसेसर होता, फक्त युरोपातील यंत्रांमध्ये त्याचा वेग सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झ होता. मूळ मेमरी ५१२ किलोबाइट होती आणि जोडकार्ड घालून ती १ मेगाबाइटपर्यंत वाढवता येई. नेहमीच्या खेळांत पडद्यावर एका वेळी ३२ रंग, तेही ४०९६ छटांमधून निवडलेले.

ॲमिगाचे स्वतःचे स्प्राइट आठच होते आणि प्रत्येक फक्त १६ पिक्सेल रुंद, तीन रंगांचा. 'स्ट्रीट फायटर टू'मधला धिप्पाड झांगिफ त्यांत मावणे शक्य नव्हते. म्हणून ब्लिटर नावाच्या चिपकडून चित्रे पडद्याच्या मेमरीत छापून घ्यावी लागत. प्रत्येक फ्रेमला आधीचे चित्र पुसायचे, त्या जागी मागचे दृश्य पुन्हा भरायचे आणि नवे चित्र छापायचे, तेही दोन्ही लढवय्यांसाठी. भारतीय योगी म्हणून रंगवलेला धालसिम जेव्हा हात लांबवून मारतो तेव्हा चित्राची रुंदी एकदम वाढते आणि ब्लिटरचे काम त्याच प्रमाणात वाढते. आर्केडच्या पाटीला मात्र यादीत आणखी दोनचार तुकडे लिहिले की पुरे होत असे.

साठवणीचा प्रश्न त्याहून मोठा होता. ६४ पिक्सेल रुंद आणि ११२ पिक्सेल उंच असे एक चित्र ३२ रंगांत ठेवायला सुमारे साडेचार हजार बाइट लागतात. एका लढवय्याची अशी ६० चित्रे धरली तर पाव मेगाबाइटहून जास्त मेमरी जाते, आणि लढवय्ये दोन असल्याने अर्धा मेगाबाइट संपतो. त्याशिवाय मागचे दृश्य, संगीत, आवाज आणि खुद्द प्रोग्रॅम. त्यामुळे हालचालींमधली मधली चित्रे गाळली जात. आर्केडमध्ये पाच टप्प्यांत बाहेर येणारी लाथ तीन टप्प्यांत येई आणि हालचाल झटकेदार दिसे.

डावा-उजवा हा भेदही महाग पडे. लढवय्ये एकमेकांवरून उडी मारून बाजू बदलतात, म्हणून प्रत्येक चित्र दोन्ही दिशांना हवे असते. सीपी सिस्टीममध्ये हे काम चिप करते. एक खूण बदलली की तुकडा उलटा दिसतो. डोळ्यावर पट्टी बांधलेला सगाट बाजू बदलतो तेव्हा पट्टीही दुसऱ्या डोळ्यावर जाते, ती याच कारणाने. ॲमिगाच्या ब्लिटरला चित्र आडवे उलटता येत नाही. म्हणजे एकतर प्रत्येक चित्राच्या दोन प्रती मेमरीत ठेवायच्या किंवा प्रोसेसरकडून ते उलटवून घेण्यात वेळ घालवायचा. एका वाटेने गेले तर मेमरी संपत होती आणि दुसरीने गेले तर वेग.

एका फ्लॉपीवर ८८० किलोबाइट मावत. त्यामुळे हा खेळ अनेक फ्लॉपींवर विभागून आला. दोन लढतींच्या मध्ये फ्लॉपी बदला अशी सूचना येई. मग खडखड आवाज करत ड्राइव्ह नवा लढवय्या आणि नवे दृश्य आत ओढून घेई. आर्केडमध्ये हरलेला खेळाडू दुसरे नाणे टाकून क्षणात पुन्हा उभा राहतो. घरी तो थांबून राही.

अटारी एसटीची अवस्था आणखी बिकट होती. तिथे ६८००० प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झचा म्हणजे ॲमिगापेक्षा थोडा वेगवान होता, पण मूळ यंत्रात ब्लिटर नव्हता आणि पडदा सरकवायला हार्डवेअरची मदतही नव्हती. रंग १६. प्रत्येक पिक्सेल प्रोसेसरने स्वतः उचलून ठेवायचा.

आठ बिटांची तंगी

झेडएक्स स्पेक्ट्रम हा १९८२चा संगणक. त्यात ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर होता आणि मेमरी सुरुवातीला जास्तीत जास्त ४८, नंतरच्या यंत्रात १२८ किलोबाइट. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याचीच परवानाधारक आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकली होती. १९९२ साली स्पेक्ट्रमचा काळ सरत आला होता, तरी लोकांच्या घरांत तो टिकून होता, म्हणून प्रकाशकांनी त्यालाही वगळले नाही.

स्पेक्ट्रमचा सगळा पडदा ६९१२ बाइटमध्ये मावतो. त्यातले ६१४४ बाइट ठिपक्यांसाठी आणि उरलेले ७६८ रंगांसाठी. ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या एका चौकोनाला दोनच रंग देता येतात. दोन लढवय्ये एकमेकांना भिडले की एकाच चौकोनात दोघांचे रंग आणि मागच्या दृश्याचा रंग येतो आणि सगळे एकमेकांत मिसळते. लढाईच्या खेळात लढवय्ये भिडणारच. यावर त्या काळची रूढ तोड अशी होती, की आकृत्या एकरंगी ठेवायच्या आणि त्यांच्या कडा ठळक करायच्या. केवळ बाह्याकृतीवरून गाईल कोणता आणि ब्लांका कोणता हे ओळखू यावे, यासाठी चित्रकाराला रेषेवर फार मेहनत घ्यावी लागे.

कमोडोर ६४कडे खरे स्प्राइट होते, तेही आठ. प्रत्येक २४ गुणिले २१ पिक्सेलचा. अनेक रंग हवे असतील तर आडवे तपशील निम्मे होतात. मोठी आकृती करायला असे अनेक स्प्राइट एकमेकांना जोडावे लागत आणि दोन लढवय्ये समोरासमोर आले की आठाची संख्या तोकडी पडे. प्रोसेसरचा वेग जेमतेम १ मेगाहर्ट्झ.

ही यंत्रे कॅसेटवरूनही खेळ वाचत. एवढे लढवय्ये मेमरीत एकदम मावत नसल्याने लढतीगणिक कॅसेटचा पुढचा भाग चढवावा लागे. मधेच हरले आणि सुरुवातीपासून खेळायचे झाले तर कॅसेट मागे फिरवून योग्य जागा शोधावी लागे. खेळाचा जितका वेळ लढण्यात जाई, त्याच्या बरोबरीने वाट पाहण्यातही जाई.

बटणांचा पेच

आर्केडची सहा बटणे ही शोभा नव्हती. तीन ठोशांची आणि तीन लाथांची, हलके, मध्यम आणि जोरदार अशा चढत्या क्रमाने. हलका मार झटकन लागतो पण शक्ती कमी नेतो, जोरदार मार शक्ती जास्त नेतो पण चुकला तर मारणारा उघडा पडतो. तीच सहा बटणे उभ्याने, बसून आणि हवेत वेगवेगळे मार देतात. म्हणजे विशेष चाली सोडूनही प्रत्येक लढवय्याकडे किमान १८ मार असतात. कोणता मार केव्हा, हा निर्णय म्हणजेच हा खेळ.

त्या काळच्या घरगुती संगणकांच्या नऊ पिनांच्या जॉयस्टिकला सहसा एकच बटण असे. तिथली नेहमीची तोड म्हणजे बटण सोडलेले असताना दिशेने चालायचे, उडायचे, बसायचे आणि बटण दाबून धरले की त्याच आठ दिशांनी आठ मार निवडायचे. साध्या कराटेच्या खेळांत ही पद्धत छान चालली होती. 'स्ट्रीट फायटर टू'त ती अडते. रयूचा 'हादोकेन' हा हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा काढायला जॉयस्टिक खाली, मग खाली-पुढे, मग पुढे अशी फिरवून ठोशाचे बटण दाबायचे असते. पण 'पुढे आणि बटण' याचा अर्थ आधीच दुसऱ्या एखाद्या माराला देऊन झालेला असतो. खेळाडूचा हेतू कोणता, हे प्रोग्रॅमला मागच्या काही क्षणांतल्या हालचालींवरून ओळखावे लागते. ओळखण्यात तो सैल राहिला तर नको तेव्हा गोळा सुटतो, कडक राहिला तर हवा तेव्हा सुटत नाही.

पीसीवर कळफलक असल्याने सहा कळा सहज मिळत. पण दोन खेळाडू एकाच कळफलकावर आले की दुसरी अडचण उभी राही. साध्या कळफलकांना एकाच वेळी दाबलेल्या अनेक कळा नीट ओळखता येत नाहीत. एकाने कळा दाबून धरल्या तर दुसऱ्याचा ठोसा हरवू शकतो.

साठावा भाग

मेमरी, रंग आणि बटणे यांवर तडजोड करूनही खेळ जगू शकतो. वेळेवर तडजोड केली की तो कोसळतो. आर्केडचे यंत्र सेकंदाला सुमारे ६० फ्रेम दाखवते आणि दर फ्रेमला खेळाडूचे हात पाहते. हलका ठोसा बाहेर येऊन लागायला तीन-चार फ्रेम पुरतात. मार बसला की दोन्ही आकृत्या क्षणभर गोठतात. त्या गोठण्यानेच माराला वजन येते आणि खेळाडूला पुढची चाल ठरवायला उसंत मिळते. तबल्यावर समेची जागा किंचित जरी सरकली तरी ऐकणाऱ्याला ते कळते, तसे इथे हाताला कळते.

युरोपातील टीव्ही आणि संगणक सेकंदाला ५० फ्रेमवर चालत. आर्केडचा हिशेब फ्रेममागे एक पाऊल असा जसाच्या तसा ठेवला तर १०० सेकंदांची लढत १२० सेकंद चालते. त्यात ब्लिटरचे ओझेही असतेच. चित्रे छापायला एक फ्रेम पुरली नाही की खेळ दोन फ्रेममागे एक पाऊल टाकतो, म्हणजे सेकंदाला २५. मग एक पाऊल ४० मिलिसेकंदांचे होते आणि आर्केडचे पाऊल १७ मिलिसेकंदांहूनही कमी असते. तीन फ्रेमचा ठोसा या खडबडीत मापात बसवताच येत नाही. तो एकतर फार झटकन होतो किंवा फार सावकाश. चाळीस मिलिसेकंदांच्या आत जॉयस्टिक एका दिशेवरून दुसरीकडे निघून गेली तर मधली दिशा प्रोग्रॅमला दिसतही नाही आणि हादोकेन सुटत नाही.

एका मागोमाग एक, समोरच्याला सावरू न देता मारण्याची कला, म्हणजे कॉम्बो, अशाच बारीक वेळेतून जन्मली. निर्माते नोरिताका फुनामिझू यांना गाडी फोडण्याच्या बोनस फेरीची तपासणी करताना दिसले, की नेमक्या वेळी बटण दाबले तर जादा मार बसतात. फार कुणाला ते जमणार नाही असे समजून ते तसेच ठेवले गेले आणि पुढे या खेळप्रकाराचा कणा झाले. ज्या पोर्टने फक्त दिसणाऱ्या गोष्टी उतरवून घेतल्या, त्यात ही न लिहिलेली गोष्ट येण्याची शक्यताच नव्हती. ॲमिगाच्या आवृत्तीत लढवय्ये मोठे आणि ओळखीचे दिसतात, पण हाताला ती जड वाटते, याचे कारण इथे आहे. कामाचे माप चित्रांवरून ठरले, कारण खोक्यावर आणि मासिकांच्या पानांवर चित्रेच छापली जात.

आवाजातही अशीच वाटणी करावी लागली. ॲमिगाच्या पॉला या चिपकडे चार वाहिन्या, कमोडोरच्या सिड चिपकडे तीन स्वर. योको शिमोमुरा यांचे संगीत, ठोशांचे आवाज आणि आरोळ्या या सगळ्यांना तेवढ्यातच जागा द्यायची होती. मात्र आवाजातली उणीव खेळाडू सहन करतो, हातातली करत नाही.

जिथे जमले

जपानमध्ये शार्पचा एक्स६८००० हा १९८७चा संगणक होता. त्यात १० मेगाहर्ट्झचा ६८००० प्रोसेसर, १६ गुणिले १६ चे हार्डवेअर स्प्राइट आणि संगीतासाठी तीच वायएम२१५१ चिप. सीपी सिस्टीमचा तो सख्खा भाऊ शोभावा असा. १९९३ साली कॅपकॉमने स्वतः 'स्ट्रीट फायटर टू डॅश' त्यावर आणला. मूळ प्रोग्रॅम घरचाच होता, म्हणून नियम मोजून काढायची गरज नव्हती. कॅपकॉमची सहा बटणांची जॉयस्टिक या संगणकाला लावता यावी यासाठी जोडणीही खोक्यातच दिली होती. चित्रे, वेळ आणि हात या तिन्हींचा विचार एकत्र झाला आणि आवृत्ती आर्केडच्या फार जवळ गेली.

पीसीवर हे अंतर हार्डवेअरच्या वाढीने कमी झाले. १९९५ साली युरोकॉम या चमूने 'सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो' डॉसवर आणला आणि गेमटेकने तो प्रकाशित केला. तोवर ४८६ आणि पेंटियम प्रोसेसर घराघरांत येऊ लागले होते, पडद्यावर २५६ रंग मिळत होते आणि फ्लॉपींच्या चळतीची जागा सीडीने घेतली होती. मेमरी आणि वेग यांची ओढाताण संपल्यावर लक्ष नियमांकडे आणि वेळेकडे देता आले, आणि त्याचा फरक खेळताना जाणवतो.

नक्कल यंत्राची

१९९७ हे वर्ष या कामाला वळण देणारे ठरले. फेब्रुवारीत निकोला साल्मोरिया यांनी मेम हा एम्युलेटर प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी सीपी सिस्टीमचे खेळ चालवणारा कॅलस आला. एम्युलेटर खेळ पुन्हा लिहीत नाही. तो आर्केडच्या पाटीचीच नक्कल प्रोग्रॅममध्ये उभी करतो आणि रॉममधला मूळ प्रोग्रॅम तिच्यावर चालवतो. अदृश्य चौकटी, गोठण्याचे क्षण, फुनामिझूंना सापडलेले जादा मार, सारे आपोआप येते, कारण कुणी ते अंदाजाने मोजलेले नसते. २०१८ साली कॅपकॉमने डिजिटल इक्लिप्सच्या मदतीने काढलेला 'स्ट्रीट फायटर'चा तिसाव्या वर्षाचा संग्रहही याच मार्गाने आर्केडचे मूळ खेळ पीसीवर आणतो.

तरीही वेळेचा प्रश्न पूर्ण मिटत नाही. जुना काचेचा पडदा चित्र मिळताच ते दाखवत असे. आजचा सपाट पडदा, यूएसबीची जॉयस्टिक आणि मधली ऑपरेटिंग सिस्टीम मिळून काही मिलिसेकंदांचा उशीर घालतात, आणि हे उशीर कसे घटवायचे यावर एम्युलेटर लिहिणारे आजही काम करतात. १९९२च्या चमूंना थोड्याच काळात, आराखड्याशिवाय, दुबळ्या यंत्रांवर हे सगळे करायचे होते. त्यांनी उतरवलेली चित्रे त्यांच्या कष्टांची साक्ष देतात. त्यांच्या आवृत्त्या जिथे उण्या पडल्या, तिथे मारामारीच्या खेळाचे पोर्टिंग कुठून सुरू करावे हे स्पष्ट झाले. आधी बटण दाबणे आणि मार लागणे यांमधली वेळ पक्की करायची, मग त्या वेळेत जेवढी चित्रे बसतील तेवढी घ्यायची.